हाताने शिवलेली गोधडी टपालाने पाठवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या जुन्या साड्या आणि धोतरे आमच्याकडे आणून त्यांची गोधडी शिवून घेणाऱ्या मंडळींचा शेवटचा प्रश्न बहुधा एकच असतो : ही आता मुलीकडे बंगळूरला, किंवा नातवासाठी मेलबर्नला, धडपणे पोचवायची कशी? गोधडी फुटत नाही आणि सांडत नाही, तेव्हा तिला काय होणार आहे, असे समजून ती हाती लागेल त्या पिशवीत कोंबणारे पुष्कळ भेटतात. प्रवासात तिचे वाटोळे करणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत : ओल, धारदार पाते आणि अपुरा पत्ता. खालची बहुतेक उत्तरे या तिघांभोवतीच फिरतात.

पाठवण्यापूर्वी गोधडी धुवावी का?

नवी गोधडी धुण्याची गरज नसते, कारण आतले जुने कापड शिवण्यापूर्वीच धुऊन वाळवलेले असते. तिला दोन दिवस चांगले ऊन दाखवले की पुरे. वापरलेली गोधडी मात्र धुऊनच पाठवावी. तेलाचा, दुधाचा किंवा घामाचा अंश राहिलेले कापड बंद खोक्यात कोंदट वास धरते आणि कसर लागायलाही तेच निमित्त होते.

धुण्याआधी रंगाची परीक्षा करावी. पांढऱ्या सुती फडक्याचे टोक ओले करून ते गोधडीच्या गडद भागावर, विशेषतः लाल, जांभळ्या आणि काळ्या कापडावर, मिनिटभर दाबून धरावे. फडक्यावर रंग उतरला, तर ती गोधडी ओल्यापासून जपायची आहे हे तिथेच समजावे आणि धुण्याचा विचार सोडून द्यावा. पणजीच्या वेळची, विरलेली, रेशमी काठाची किंवा खणाचे तुकडे लावलेली गोधडी असेल, तर ती धुणे म्हणजे तिच्या जिवाशी खेळ आहे. सावलीत पसरून, मऊ ब्रशने धूळ झाडून ती तशीच बांधावी.

गोधडी पूर्ण वाळली आहे, हे कसे ओळखावे?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि खरे तर सर्वांत आधी तोच विचारायला हवा. गोधडीत कापडाचे पाच-सहा थर असतात आणि त्यांतून धावदोरा घातलेला असतो. वरचा थर उन्हात दोन तासांत कडकडीत होतो, पण मधले थर दुसऱ्या दिवशीही दमट असू शकतात. वरून हात फिरवून ते कळत नाही.

आमची पद्धत अशी आहे : दिवसभराच्या उन्हानंतर गोधडी गार होऊ द्यायची, तिची घडी करायची, ती रात्रभर खोलीत ठेवायची आणि सकाळी घडीच्या अगदी पोटात हात घालायचा. तळव्याला गारवा जाणवला किंवा नाकाला किंचित कोंदटपणा लागला, तर पुन्हा ऊन द्यायचे. घडी आतून बाहेरच्या इतकीच कोरडी लागली की मगच ती बांधायला घ्यायची. उन्हातून काढलेली गरम गोधडी लगेच प्लॅस्टिकमध्ये भरू नये, कारण गार होताना आतल्या हवेतला बाष्पांश कापडावरच बसतो. पावसाळ्यात कोकणात आणि घाटमाथ्यावर हे सगळे साधणे अवघड असते. घाई नसेल, तर नवरात्रापर्यंत थांबावे, असे आम्ही स्पष्ट सांगतो.

बांधण्यापूर्वी आणखी काय तपासावे?

सुई. हाताने शिवताना तुटलेल्या सुईचे टोक किंवा विसरलेली टाचणी थरांत राहून जाते आणि ती नेमकी बाळाच्या अंगाखाली निघते. फ्रिजवर लावायचे साधे लोहचुंबक घेऊन ते गोधडीच्या दोन्ही बाजूंनी ओळीओळीने, टाक्यांच्या दिशेनेच फिरवावे. चुंबक कापडाला किंचित ओढल्यासारखे वाटले, तर तिथे बोटाने चाचपावे. त्याच वेळी कडेचे टाके पाहून घ्यावेत. सुटलेला दोरा प्रवासात आणखी उसवतो.

डांबरगोळ्या किंवा कापूर आत टाकला तर चालेल का?

नाही. डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलीन, आणि विमान वाहतुकीच्या नियमांत नॅफ्थलीन आणि कापूर हे दोन्ही ज्वालाग्राही घन पदार्थांच्या वर्गात येतात. पार्सल लांबच्या गावी जायचे असेल, तर ते विमानात चढण्याची शक्यता असते. शिवाय डांबरगोळीचा वास गोधडीत एकदा मुरला की अनेक धुण्यांनंतरही जात नाही आणि तो तान्ह्या बाळांसाठी चांगलाही नसतो.

कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंडाचे तुकडे हा आपला जुना उपाय आहे आणि देशातल्या पार्सलात तो कापडाच्या पुरचुंडीत बांधून घालायला हरकत नाही. परदेशी पार्सलात मात्र पाला, मुळी, बी असे काहीही घालू नये. त्याचे कारण पुढे येईलच. स्वच्छ धुतलेल्या, उन्हात तापवलेल्या गोधडीला आठवड्याभराच्या प्रवासात कसर लागत नाही.

घडी कशी घालावी?

घरात रोज जिथे घडी पडते, ती रेघ सोडून नवी घडी घालावी, म्हणजे त्याच जागी कापड पुन्हा पुन्हा मोडत नाही. नवी गोधडी असेल, तर आधी लांबीत तिघडी आणि मग रुंदीत सैल गुंडाळी, ही आम्हांला सर्वांत सोयीची वाटलेली रीत आहे. चांगली बाजू आत राहावी. जिथे मोड येतो तिथे जुन्या मलमलीचा किंवा धुतलेल्या ओढणीचा पीळ ठेवला, तर कापडावर धारदार चुणी पडत नाही. रद्दी वर्तमानपत्र मात्र कधीही वापरू नये. छपाईची शाई फिक्या कापडावर उतरते आणि ती निघता निघत नाही.

विरलेल्या गोधडीची घडी घालूच नये. तिला वर-खाली स्वच्छ मलमल लावावी, कडेने लांब-लांब कच्चे टाके घालावेत आणि कापडाच्या दुकानातून मिळणाऱ्या पुठ्ठ्याच्या नळीवर, नळीला आधी मलमल गुंडाळून, ती सैलसर गुंडाळावी. पोचल्यावर कच्चे टाके कापून काढता येतात. हे पार्सल लांबुडके आणि महाग होते, हे खरे आहे.

हवा काढून चपटी करणारी पिशवी वापरावी का?

कापसाच्या दुलईसाठी लोक ही पिशवी वापरतात आणि खोका लहान होतो, यात शंका नाही. पण दाबलेला कापूस काही दिवसांतच गोळा होऊन बसतो आणि पुन्हा पूर्वीसारखा फुलेलच असे नाही. गोधडीत मुळात कापूस नसतो, कापडाचे थरच असतात, त्यामुळे हवा काढून वाचणारी जागा थोडी आणि पडणाऱ्या चुण्या भरपूर, असा तो व्यवहार होतो. त्यातून आत दमटपणा राहिला असेल, तर तो त्या पिशवीत पुरता कोंडला जातो. हाताने तळव्यांनी दाबून हवा काढावी, तेवढी पुष्कळ झाली.

पिशवी, खोका की मांजरपाट?

आधी आमचीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये एक गोधडी एका खासगी कुरिअरने विदर्भात पाठवली. जुन्या वळणाप्रमाणे वरून मांजरपाट शिवला होता, आत पुठ्ठ्याचा खोका होता, आणि खोक्यात गोधडी नुसत्या पातळ कॅरीबॅगेत होती. पार्सल कुठल्यातरी गोदामाच्या ओल्या फरशीवर राहिले असावे. मांजरपाटाने पाणी प्यायले, पुठ्ठ्याने ते आत पोचवले आणि लाल काठाचा रंग मधल्या पांढऱ्या धोतरावर असा काही पसरला, की ज्यांचे ते धोतर होते त्यांच्या मुलीने फोनवर बराच वेळ काही बोलणेच टाळले. कुरिअरवाल्यांनी हात वर केले, पण आतली पिशवी आमची होती, हेही तितकेच खरे.

तेव्हापासूनचा क्रम असा आहे. गोधडी प्रथम मलमलीत किंवा जुन्या सुती चादरीत गुंडाळायची. मग जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड दोनदा दुमडून चिकटपट्टीने बंद करायचे. सिलिका जेलच्या एक-दोन पुड्या पिशवीत टाकल्या तर उत्तम. त्यानंतर पाच पदरी पुठ्ठ्याचा खोका. खोक्याच्या तळाशी आणि वरच्या झाकणाखाली पुठ्ठ्याचा एकेक सपाट तुकडा ठेवायचा. वरच्या तुकड्याला आम्ही फार महत्त्व देतो, कारण घेणारा माणूस उत्साहाने खोक्यावर कटर चालवतो आणि पाते पुठ्ठ्यातून थेट वरच्या थरात उतरते. त्या तुकड्यावर मोठ्या अक्षरांत ‘आत कापड आहे, पाते खोल घालू नये’ असे लिहावे. परराज्यात जाणार असेल, तर हिंदीत किंवा इंग्रजीत.

चिकटपट्टी मधल्या फटीवर आणि दोन्ही बाजूंच्या कडांवर लावावी. सुतळीने करकचून आवळू नये, कारण यंत्रावरून सरकताना सुतळी अडकते. मांजरपाट शिवून त्यावर लाखेचे शिक्के मारण्याची पद्धत अनेक जण अजून पाळतात. हवी असेल तर ती खोक्याच्या वरून जरूर करावी, पण तो पाण्यापासूनचा बचाव आहे असे समजू नये.

पत्ता कसा लिहावा?

पत्ता चिठ्ठीवर लिहून ती खोक्याच्या सर्वांत रुंद बाजूला चिकटवावी आणि तिच्यावर पारदर्शक पट्टी लावावी. कापडावर मार्करने थेट लिहिलेला पत्ता पहिल्या सरीत पसरतो. गावचा पत्ता असेल, तर ‘मु. पो.’ म्हणून थांबू नये. वस्ती किंवा वाडी, तालुका, जिल्हा, जवळची ठळक खूण आणि फोन नंबर लिहावा. एकाच नावाची गावे महाराष्ट्रात किती आहेत, हे टपाल खात्याइतके कोणालाच ठाऊक नसेल.

पिनकोड हा त्याच गोंधळावरचा उपाय होता. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला आणि त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ आणि संस्कृतचे कवी होते. पहिला आकडा विभाग दाखवतो (महाराष्ट्र आणि गोव्याचा ४), पहिले तीन मिळून टपालाची छाननी जिथे होते तो जिल्हा आणि शेवटचे तीन वाटप करणारे टपाल कार्यालय. म्हणजे शेवटच्या तीनपैकी एक आकडा चुकला, तरी पार्सल शेजारच्या भलत्याच पोस्टात जाऊन बसते. घेणाऱ्याकडून पिनकोड तोंडी न घेता लिहून मागवावा.

पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता लिहिलेली दुसरी चिठ्ठी खोक्याच्या आत, प्लॅस्टिकच्या पिशवीवर चिकटवावी. बाहेरची निघून गेली, तर तीच कामाला येते. ‘मौल्यवान वस्तू’ असे बाहेर लिहून कोणाचे लक्ष वेधू नये.

टपाल, कुरिअर की एसटी?

खेड्यापर्यंत पोचायचे असेल, तर आमचे मत टपालाच्या बाजूने आहे. खासगी कुरिअर शहरात घरपोच येते, पण तालुक्याच्या पुढे गेले की ‘येऊन घेऊन जा’ असा फोन येतो. एसटीची पार्सल सेवा स्वस्त पडते, मात्र पार्सल आगारातून आणावे लागते; गावात कोणी नेणारे असेल तरच ती निवडावी.

‘रजिस्टर’ करून पाठवायचे आहे, असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी : १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झालेली आहे. पार्सल ज्याच्या नावाचे आहे त्याच्याच हातात पडावे असे वाटत असेल, तर स्पीड पोस्टवर ५ रुपये अधिक जीएसटी भरून ‘नोंदणी’ची जोड घेता येते, आणि तेवढ्याच शुल्कात ओटीपी सांगितल्यावरच पार्सल देण्याची सोयही आहे. गोधडीसाठी आम्ही दुसरी सोय आवर्जून घेतो, कारण इमारतीच्या पहारेकऱ्याकडे चार दिवस पडून राहिलेली पार्सले आम्ही पाहिलेली आहेत.

बुकिंग सोमवारी किंवा मंगळवारी करावे, म्हणजे पार्सल रविवारी वाटेत अडकण्याची शक्यता कमी होते. राखीपौर्णिमा आणि दिवाळीच्या आधीचा आठवडा टाळावा.

वजनाचे पैसे सांगितल्यापेक्षा जास्त का लागतात?

हलक्या पण फुगीर पार्सलाचे शुल्क त्याने अडवलेल्या जागेवरून काढतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला ५,००० ने भागायचे, हे सर्वत्र रुळलेले सूत्र आहे; येणारा आकडा आणि काट्यावरचे वजन यांतले जे जास्त, त्यावर शुल्क लागते. साडेतीन किलोची गोधडी ४० × ३० × २० च्या खोक्यात भरली, तर हिशेब ४.८ किलोचा होतो. तीच नीट दाबून ३८ × ३० × १५ च्या खोक्यात बसवली, तर घनफळाचे वजन ३.४२ किलो येते आणि पैसे खऱ्या वजनाचेच लागतात. म्हणून खोका आधी आणून त्यात गोधडी बसवण्यापेक्षा, घडी मोजून मग खोका घ्यावा.

गोधडी हरवली तर भरपाई मिळते का?

विमा न उतरवलेले देशांतर्गत स्पीड पोस्ट हरवल्यास मिळणारी भरपाई म्हणजे भरलेल्या शुल्काची दुप्पट रक्कम किंवा १,००० रुपये, यांतले जे कमी असेल ते. शुल्क दीडशे रुपये असेल, तर तीनशे रुपये हाती येतात, आणि तेवढ्यात शिवणावळही निघत नाही. म्हणून काउंटरवरच विमा उतरवावा.

किंमत किती लिहावी, यावर घराघरात वाद होतात. आईच्या लुगड्याची किंमत कोणत्याही तक्त्यात बसत नाही, आणि विमा तिची भरपाई करणारही नाही. लिहायची ती शिवणावळ, अस्तर, दोरा आणि कापड यांची पावतीने दाखवता येईल अशी किंमत. शिवणाऱ्या बाईकडून साधी सही केलेली पावती घ्यावी. गोधडीचे दोन्ही बाजूंचे, चारही कोपऱ्यांचे आणि मोजपट्टी ठेवून एक, असे फोटो काढावेत. शेवटचा फोटो बंद खोक्याचा, पत्ता वाचता येईल असा, काउंटरवर देण्यापूर्वी घ्यावा. पावतीवरचा तेरा खुणांचा क्रमांक (आधी दोन अक्षरे, मग नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरे) त्याच दिवशी घेणाऱ्याला कळवावा.

परदेशात पाठवताना वेगळे काय करावे लागते?

मुख्य फरक असा, की वाटेत सीमाशुल्क अधिकारी पार्सल उघडू शकतात आणि तसे गृहीत धरूनच ते बांधावे. अनोळखी माणसाला एका झटक्यात उघडता येईल आणि पुन्हा तसेच बंद करता येईल, अशी आतली मांडणी हवी. आतली पिशवी शिवून टाकू नये.

पार्सलासोबत सीमाशुल्काचे घोषणापत्र जाते. लहान आणि कमी किमतीच्या वस्तूंना सीएन २२ आणि इतर पार्सलांना सीएन २३. ही माहिती आता पार्सलाच्या आधी इलेक्ट्रॉनिक रूपाने पुढच्या देशाकडे पोचते, त्यामुळे ‘कपडे’ किंवा ‘घरगुती सामान’ असे मोघम लिहिलेले पार्सल हमखास अडकते. ‘गोधडी’ हा शब्दही तिथे कोणाला समजणार नाही. इंग्रजीत ‘हॅण्डमेड कॉटन क्विल्ट’ असे लिहून, वापरलेली असेल तर ‘यूज्ड’ म्हणावे, नगसंख्या आणि वजन द्यावे. सीमाशुल्कासाठी मालाच्या वर्गवारीचा क्रमांक (एचएस कोड) विचारला, तर क्विल्ट आणि पलंगपोस यांचा गट ९४०४ ४० हा आहे. ओळखपत्राची प्रत सोबत न्यावी.

भेटवस्तू असली तरी किंमत शून्य लिहू नये. शून्य पाहिले की संशय वाढतो. ब्रिटनमध्ये ३९ पौंडांपर्यंतच्या आणि युरोपीय संघात ४५ युरोपर्यंतच्या खासगी भेटीला करातून सूट आहे. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली जुनी सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली आणि १०० डॉलरपर्यंतच्या खऱ्याखुऱ्या भेटींची सवलत उरली. हे आकडे आणि नियम अधूनमधून बदलतात, म्हणून बुकिंगच्या दिवशी काउंटरवर पुन्हा विचारून घ्यावे. विकत पाठवलेल्या गोधडीवर ‘गिफ्ट’ लिहिणे ही खोटी घोषणा ठरते; तो मोह आमच्या गिऱ्हाइकांना अनेकदा होतो आणि आम्ही तितक्याच वेळा नकार देतो.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला पाठवताना एवढी काळजी का घ्यायची?

हे दोन्ही देश परकी बी-बियाणे, माती आणि किडे यांच्याबाबत अतिशय कडक आहेत. धुतलेल्या सुती कापडाच्या थरांना सहसा अडचण येत नाही. पण गावठी कापसाच्या दुलईत सरकीचे दाणे राहिलेले असतात, सावरीच्या कापसात तर बिया असतातच, आणि अंगणात वाळत घातलेल्या गोधडीला गवताचे कुसळ किंवा मातीचा डाग लागलेला असतो. कुसळ हे त्यांच्या दृष्टीने बीच आहे. अशी वस्तू सापडली, तर पार्सल प्रक्रियेसाठी अडकते किंवा नष्टही केले जाते. म्हणून तिकडे जाणारी गोधडी गच्चीत दोरीवर वाळवावी आणि भरण्यापूर्वी उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बोटांनी चाचपावी. कडुनिंब आणि वेखंड नको म्हटले, ते याचसाठी.

त्याच खोक्यात डिंकाचे लाडू किंवा मेतकूट पाठवले तर?

बाळंतविड्यासोबत हे हमखास सुचते. लाडवांचे तूप उन्हाळ्यात सुटते, डबा कितीही घट्ट असला तरी, आणि तुपाचा डाग सहा थरांतून आरपार जातो. खाण्याचा जिन्नस असल्याने परदेशात तपासणीही वाढते. लाडू वेगळे पाठवावेत. गोधडीसोबत फार तर बाळाचे टोपडे जावे.

पार्सल मिळाल्यावर घेणाऱ्याने काय करावे?

खोका ओला, फाटका किंवा पुन्हा चिकटवल्यासारखा दिसला, तर सही करण्यापूर्वी त्याचे फोटो काढावेत आणि वाटप करणाऱ्यासमोरच ती गोष्ट नोंदवून घ्यावी. तक्रार करायची असेल, तर ती त्याच दिवशी करावी आणि खोका, पट्टी, चिठ्ठी यांतले काहीही फेकू नये. सर्व ठीक असेल, तर पट्टीचे टोक बोटाने सोलून खोका उघडावा.

गोधडी लगेच अंगावर घेऊ नये. ती पलंगावर पसरून दिवसभर वारा लागू द्यावा; प्लॅस्टिकचा वास आणि घडीच्या चुण्या आपोआप जातात. थंड देशात उन्हाची वाट पाहायला नको, खिडकीजवळची कोरडी खोली पुरते. इस्त्री करायची वेळ आलीच, तर ती उलट बाजूने, मंद आचेवर आणि सुती फडके मध्ये ठेवून करावी. आणि मलमलीचे ते गुंडाळलेले कापड परत पाठवू नये. बाळाला पुसायला ते उपयोगी पडते.